गणपतीचे फोटो पिवळेधम्मक आणि फक्त सोंड क्लिअर - कॅमेरा शिकवा कुणीतरी

पेढेवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची हिंमत केलीये, सांभाळून घ्या.

मामेभावाने नवीन कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर मला दिला, सोबत १८-५५ ची लेन्स आणि एक छोटी ५० ची, जिच्यावर १.८ लिहिलंय. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने घरच्या गणपतीचे दीडेकशे फोटो काढले, सगळे ऑटोवर. निकाल असा: १) सगळं पिवळं, मखर पांढरं होतं ते हळदीत बुडवल्यासारखं दिसतंय. २) ५० च्या लेन्सने काढलेल्यात बाप्पाची सोंड एकदम शार्प आणि डोळे धुरकट. ३) आरतीत सगळ्यांचे हात गायब, नुसती पांढरी भुतं टाळ्या वाजवतायत. ४) काही फोटोंत आडवे काळे पट्टे. नमुन्याला काही फोटो सोबत टाकलेत. सासरे म्हणाले "पोरीने मोबाईलवर काढलेले बरे आलेत की" आणि तो विषय आमच्याकडे वर्षभर निघतोय.

यंदा गणपतीला तीन आठवडे आहेत. व्हिडिओ बघितले ढीगभर, पण ते कुठल्यातरी तळ्याकाठी सूर्यास्ताला उभे राहून शिकवतात. आमच्या माजघरात कुठला सूर्यास्त. तर जाणकारांनी प्रकाश टाकावा (श्लेष झाला चुकून).

टवाळ

सोंड क्लिअर म्हणजे कॅमेऱ्याचं लक्ष मोदकावर होतं. चांगल्या घरातला कॅमेरा आहे, ठेवून घ्या.

मोबाईलबहाद्दर

सासऱ्यांशी सहमत. आजकालच्या फोनमध्ये सगळं आपोआप होतं, एवढा दगड गळ्यात अडकवायचा कशाला? आता शिव्या घाला.

खिडकीवाला

@मोबाईलबहाद्दर शिव्या नंतर, आधी ताईंचं काम.

पेढेवाली, मी नाशकात हौसेने सुरू करून आता बारशी-मुंजी-डोहाळजेवणं असली घरगुती कामं करतो, म्हणजे तुमच्यासारख्याच अंधाऱ्या माजघरात माझा अर्धा जन्म गेलाय. तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे, प्रकाश. कॅमेऱ्याची बटणं नंतर बघू. मला आधी सांगा फोटो काढताना खोलीत किती प्रकारचे दिवे चालू होते? मीच सांगतो. वर पांढरी ट्यूब, मखरात पिवळे बल्ब, कडेने निळी-लाल एलईडीची माळ, पुढे समई, आणि ऑटोवर असल्यामुळे कॅमेऱ्याने स्वतःचा फ्लॅशही उघडला असणार.

आपल्या डोळ्याला हे सगळं पांढरंच वाटतं कारण मेंदू जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका फोटोत एकच हिशोब धरता येतो, त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), ट्यूब ६५०० च्या आसपास, ट्यूबला पांढरं धरलं की बल्बचा उजेड हळद होतो आणि बल्बला धरलं की ट्यूबखालचे चेहरे निळे पडतात. एडिटिंगमध्ये एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. म्हणून पहिला उपाय फुकट आहे, बटण दाबून दिवे बंद करा. एकाच जातीचा उजेड ठेवा, मग तो कुठलाही असो.

आणि शक्य असेल तर तो खिडकीचा ठेवा. सकाळी साडेआठ-नऊला, ऊन थेट आत येत नसताना, खिडकी मूर्तीच्या एका अंगाला आली पाहिजे, समोर नाही आणि पाठीमागे तर नाहीच. बाजूने उजेड आला की सोंडेचा गोलवा दिसतो, गालाची एक बाजू उजळ आणि दुसरी हळूहळू सावलीत जाते, मूर्ती जिवंत वाटते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून आदळतो, सगळं सपाट करतो, रंगावर चमक मारतो आणि मागच्या पडद्यावर काळी सावली पाडतो. तो फ्लॅश यंदा उघडायचाच नाही, हे आधी कबूल करा मग पुढचं शिकवतो.

पेढेवाली

कबूल! पण मखर माजघरातच असतं आणि त्याला खिडकी नाही, एक दार आहे ओसरीत उघडणारं. जागा हलवायची गोष्ट काढली तर घरात महाभारत होईल, पन्नास वर्षं बाप्पा तिथेच बसतात.

खिडकीवाला

मग दार हीच तुमची खिडकी. सताड उघडायचं. दाराच्या बाजूने उजेड येईल आणि दुसरी बाजू काळी पडेल, तर त्या काळ्या बाजूला फ्रेमच्या बाहेर एक पांढरी चादर धरून कुणाला तरी उभं करा, नाहीतर मोठी पांढरी कार्डशीट. (पूर्वी आम्ही थर्माकोलचा तुकडा वापरायचो, २०१८ च्या बंदीपासून घरात तो दिसला तरी बायको ओरडते.) उजेड त्यावर आपटून परत येतो, सावली मऊ होते. चादर जवळ आणली की परिणाम वाढतो, लांब नेली की कमी, दहा मिनिटं नुसता हा खेळ करा, कॅमेरा न घेता. संध्याकाळी दाराचा उजेड संपला की मग ट्यूब बंद, मखरातले पिवळे बल्ब तेवढे चालू आणि व्हाइट बॅलन्समध्ये बल्बचं चित्र असतं ते निवडा. थोडा पिवळेपणा राहू दे, दिव्याच्या उजेडाला तो शोभतो.

मूर्ती आत्ता नसेल तर एखादं नारळ ठेवा पाटावर आणि त्याचे काढा. गंमत नाही, शेंडीपासून गोलवा दिसला तर उजेड बरोबर.

टवाळ

आता फेसबुकवर नारळाचे प्रोफाइल फोटो.

निवांत_नाना

चर्चा आवडली. आमच्या वेळी आग्फा क्लिक थ्री होता घरात, एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. गणपतीचे दोन, गौरींचे दोन, बाकी वर्षभराला. त्यामुळे बटण दाबायच्या आधी माणूस विचार करायचा, हल्ली दीडशे काढून मग विचार करतात (रागावू नका पेढेवाली, नातवालाही हेच ऐकवतो).

ऑटोच्या हिरव्या चौकोनातून बाहेर यायचं तर तीन गोष्टी समजल्या की झालं. लेन्सचं भोक किती उघडं, पडदा किती वेळ उघडा, आणि सेन्सर (फिल्मच्या जागी बसलेला, उजेड टिपणारा भाग) किती तिखट. पहिल्याला अपर्चर, दुसऱ्याला शटर स्पीड, तिसऱ्याला आयएसओ, आम्ही एएसए म्हणायचो.

अपर्चरच्या आकड्यात सगळे नवखे अडकतात कारण आकडा लहान तर भोक मोठं. तो आकडा छेद आहे असं धरा. अर्धी भाकरी मोठी की भाकरीचा आठवा तुकडा मोठा? तसंच एफ २ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (लेन्सवरचा १८, ५० वगैरे मिलिमीटरचा आकडा) निम्म्या रुंदीचं भोक, ५० च्या लेन्सला २५ मिलिमीटर, आणि एफ ८ म्हणजे आठवा हिस्सा, जेमतेम सहा मिलिमीटर. आकड्यांची माळ अशी जाते: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. तुमची १८-५५ ची लेन्स पुढे झूम केली की ५.६ च्या वर उघडतच नाही, छोटी ५० वाली १.८ ला उघडते, म्हणजे त्याच खोलीत तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. माजघरासाठी ती छोटी लेन्सच तुमची खरी लेन्स.

उघड्या भोकाची किंमत मात्र मोजावी लागते. फोकसमध्ये येणारा भाग पातळ होतो. चष्मा नसला की आपण डोळे बारीक करून बसचा नंबर वाचतो ना, तेच लेन्सचं, भोक बारीक केलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट दिसतं.

सोलकढी_फॅन

नानांचा बस नंबर एक नंबर _/\_

ताई तुमची सोंड इथेच अडकलीये. ५० ची लेन्स, १.८ वर, मूर्तीपासून एक मीटरवर उभ्या असाल तर शार्प दिसणारा थर फक्त अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. सोंडेचं टोक आणि डोळे यात मध्यम मूर्तीला सहज त्याहून जास्त अंतर असतं. आणि ऑटोवर कॅमेरा बहुतेक वेळा सगळ्यात जवळची ठळक गोष्ट पकडतो, म्हणजे सोंड, मोदक नाहीतर पुढच्या दूर्वा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपल्याकडे प्राण डोळ्यात असतो ते.

करायचं काय तर फोकस पॉइंट ऑटोवरून काढून एकच ठिपका निवडा आणि तो मूर्तीच्या डोळ्यावर ठेवा. बटण अर्धं दाबायचं, टुक आवाज येतो, ठिपका उजळतो, मगच पूर्ण दाबायचं. बऱ्याच जणांना हे अर्धं दाबणं माहीतच नसतं, बंदुकीसारखा चाप ओढतात. ठिपका डोळ्यापर्यंत सरकत नसेल तर मधल्या ठिपक्याने फोकस करून बटण तसंच अर्धं दाबून धरून फ्रेम हलवा, पण १.८ वर थर इतका पातळ की कॅमेरा वळवतानाच फोकस सुटू शकतो, त्यामुळे ठिपका सरकवणंच बरं. आणि मूर्तीसाठी भोक ४ किंवा ५.६ वर आणा, ती काही पळून जात नाहीये, ५.६ ला थर आठेक सेंटिमीटर होतो, सोंडेपासून डोळ्यापर्यंत सगळं बसतं. शटर मग हळू होईल तर ट्रायपॉड, तो नसेल तर स्टुलावर डाळीची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदाचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. माझे निम्मे फोटो तूरडाळीवर टेकवून काढलेत.

मोड डायलवर ए किंवा एव्ही लिहिलेलं असतं तिथे जा, भोक तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवेल. मॅन्युअलच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका.

खिडकीवाला

+१. फक्त मूर्तीच्या मागे दिवे असतील किंवा मखर पांढरंशुभ्र असेल तर कॅमेरा फसतो. त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं हवं असतं, पांढरं दिसलं की "फार उजेड आहे" म्हणून फोटो काळपट करतो. प्लस-मायनसचं बटण असतं ते प्लस १ ला न्या. उलट गौरींच्या मागे काळा किंवा गडद जांभळा पडदा असेल तर मायनस. झेंडूचे आणि लाल जास्वंदीचे फोटो काढाल तेव्हाही थोडं मायनस, नाहीतर पाकळ्यांचा नुसता लाल गोळा होतो, कॅमेऱ्याचा लाल रंग आधी भरून सांडतो.

अनवट_वाट

धागा हायजॅक नाही करत पण माझाही तोच प्रॉब्लेम, हात भुतासारखे येतात. आणि ते काळे पट्टे माझ्याकडेही आलेत, मला वाटलं कॅमेरा गेला, दुकानात नेला तर त्याने न बघताच सर्व्हिसिंगचे पैसे सांगितले.

सोलकढी_फॅन

कॅमेरा ठणठणीत आहे, पैसे वाचवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातल्या एलईडी माळा आणि जुन्या चोकच्या ट्यूब तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा, काही माळा तर ५० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. शटर १/२५० वगैरे असलं की सेन्सरचा काही भाग दिवा पेटलेला असताना उघडतो आणि काही विझलेला असताना, तेच पट्टे. शटर १/१०० वर ठेवा, तरी पट्टे आले तर १/५०.

हातांचं उलट. तिथे शटर हळू होतं. टाळ्या गोठवायला १/१२५ च्या पुढे जावं लागतं आणि माजघरात तेवढा उजेड नसतो, म्हणून भोक २ ला उघडा आणि आयएसओ १६०० किंवा ३२०० करा. फोटो दाणेदार येतो म्हणून लोक आयएसओला घाबरतात. दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. आणि १/१२५ ला पट्टे आले तर आरतीपुरती ती माळच बंद करा, कोणाला कळणार नाही.

निवांत_नाना

हातात धरून काढताना एक जुना हिशोब आहे, शटरचा छेद लेन्सच्या आकड्याहून लहान नको. ५० ची लेन्स तर १/५० ला खालची हद्द, आणि या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर दीडपट धरा, १/८० वगैरे. आमचे हात आता थरथरतात, मी १/१६० खाली जात नाही.

जांभा_चिऱ्याचं_घर

रत्नागिरीहून एक विनंती. तो कॅमेरा वर्षभर कपाटात कापडी पिशवीत ठेवलाय का? लेन्स उजेडासमोर धरून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का. आमच्याकडे पावसाळ्यात दोन लेन्सना बुरशी लागली, साफ करायला जेवढे मागितले तेवढ्यात जुनी दुसरी आली असती. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा. चामड्याच्या केसमध्ये तर अजिबात नको, चामडं ओल धरतं.

पेढेवाली

बघितलं, जाळं नाही, हुश्श! कापडी पिशवीतच होता. आज पोहे ठेवायचा मोठा डबा रिकामा केला, सासूबाई विचारतायत पोहे कुठे ठेवू.

रानजाई

उजेड झाला, फोकस झाला, आता कुणीतरी चौकटीबद्दल बोला. पेढेवाली तुम्ही टाकलेला तिसरा फोटो बघतेय, मूर्ती सुरेख, पण उजवीकडे स्विचबोर्ड, त्यात लोंबणारा चार्जर, वर कॅलेंडरचा अर्धा महिना आणि बाप्पाच्या मुकुटातून पंख्याची दांडी उगवलीये. फोटो काढताना आपण फक्त देवाकडे बघतो म्हणून हे दिसत नाही. सवय लावा, बटण दाबायच्या आधी नजर चौकटीच्या चारी कोपऱ्यांतून फिरवून आणायची, घरातून निघताना गॅस बघतो तशी. दांडी हलवता येत नाही, आपण अर्धा पाऊल डावीकडे सरकू शकतो. निम्मी कॉम्पोझिशन म्हणजे हे अर्धं पाऊल.

दुसरं, उभ्याने काढू नका. मूर्ती पाटावर, तुम्ही पाच फूट उंचीवरून खाली बघताय, त्यामुळे मुकुट मोठा आणि पोट चपटं. मांडी घालून बसा, लेन्स मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा किंचित खाली.

आणि ते एक तृतीयांशाचं शास्त्र इथे गुंडाळून ठेवा. मखर, दोन समया, दोन केळीचे खांब, सगळं जोडीजोडीने मांडलेलं असतं, तिथे मूर्ती बरोब्बर मध्यातच शोभते.

मोबाईलबहाद्दर

असहमत. नियम आहे तो शिकू दे ना त्यांना, मोडायचं नंतर. स्क्रीनवर ग्रिड लावली की उभ्या-आडव्या दोन दोन रेषा येतात, मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची.

रानजाई

आरतीच्या फोटोत ठेवा की. ताट धरलेली आजी एका रेषेवर आणि तिच्या नजरेसमोर मोकळी जागा, पलीकडे मूर्ती धूसर, तिथे मला मान्य. पण जोडीने मांडलेलं मखर एका बाजूला ढकलून काढलंत तर बघणाऱ्याला वाटतं फोटो कापला गेलाय. नियम कशासाठी आहे ते कळलं की कुठे लावायचा ते कळतं. आणि ग्रिडचा खरा उपयोग मखराचे खांब सरळ आलेत का ते बघायला!

मोबाईलबहाद्दर

बरं बाई, हरलो. भरपाई म्हणून मोबाईलवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, आधी लेन्स पुसा. तुपाच्या हाताने मोदक खाऊन काढलेल्या फोटोत दिव्यांभोवती जे धुकं येतं त्याला लोक फिल्टर समजतात. दोन, मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा, दिवे पांढरे फटक होणार नाहीत. आणि चिमटीने झूम करू नका, मूळ चित्रच कापून मोठं होतं, त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. पोर्ट्रेट मोड समईपाशी आणि केवड्याच्या पानांपाशी हमखास फसतो, कडा खाऊन टाकतो.

बेसमेंटवाली_वहिनी

न्यू जर्सीत आमचा गणपती बेसमेंटमध्ये, खिडकी छताजवळ वीतभर. चादरीचा प्रयोग आज केला, नवऱ्याला अर्धा तास चादर धरून उभं केलं. दोन्ही गोष्टींचं समाधान मिळालं.

पेढेवाली

मंडळी, गौरी-गणपती उरकले, आज जरा बसायला वेळ मिळाला, म्हणून अहवाल.

मूर्तीचे सकाळी दार उघडून काढले, एफ ५.६, तूरडाळीवर टेकवून (आमच्याकडे हरभराडाळ निघाली), धाकट्या दिराने चादर धरली. डोळे शार्प, सोंड शार्प, पांढरं मखर पांढरं आलं. एकूण फोटो ४१, नाना वाचताय ना!

गौरींचं जमलं नाही पूर्ण. मुखवटे पितळेचे, प्रत्येक दिवा त्यात दिसतो आणि मीही दिसते कॅमेऱ्यासकट. शेवटी बाजूला सरकून तिरके काढले तर बरे आले, तरी एका गौरीच्या गालावर आमची ओसरी आहे. शेवटच्या दिवशी विसर्जनाला नदीवर अंधार झाला आणि सगळे हलले, तिथे मी आयएसओ वाढवायला विसरले, ते सोडून द्या.

पण एक फोटो. आरतीच्या आधी सासरे निरांजन लावत होते, ट्यूब मी बंद केलेली (त्यावर थोडं ऐकून घेतलं), वाकलेले होते, उजेड खालून फक्त चेहऱ्यावर आणि हाताच्या आडोशावर, मागे मूर्ती धूसर. एफ २, १/६०, आयएसओ ३२००. दाणे आहेत. त्यांनी स्क्रीनवर बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला, आणि म्हणाले "मोठा करून आण." आता हा केवढा प्रिंट करू? स्टुडिओवाला ८ बाय १० म्हणतोय.

खिडकीवाला

व्वा!! फोटो टाका इथे, सासऱ्यांना विचारून. गौरींच्या मुखवट्यांना पुढच्या वर्षी मोठी पांढरी चादर समोर धरा आणि तिला मधोमध लेन्सपुरतं भोक पाडा, पितळेत चादरच दिसेल, तुम्ही नाही.

सोलकढी_फॅन

८ बाय १० नको. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो, ८ बाय १० ला दोन्ही बाजूंनी कापला जाईल आणि त्यात आधी निरांजनाचा हात जाईल. ८ बाय १२ सांगा, नाहीतर भिंत मोकळी असेल तर १२ बाय १८. आणि मॅट कागदावर, चकचकीत घेतलात तर समोरची ट्यूब त्यात दिसत बसेल.

टवाळ

१२ बाय १८ च करा. कॅलेंडर काढून तिथे लावा, रानजाईलाही बरं वाटेल.